नियम मुलांना नको, आपल्याला हवा



मागच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत चातुर्मासाच्या नियमांचा विषय निघाला. हिरव्या भाज्यांचा त्याग, रात्रिभोजन त्याग, रोजचा स्वाध्याय, हे सगळं नेहमीप्रमाणे ठरलं. मग नवा प्रस्ताव आला. पाठशाळेतल्या सगळ्या मुलांना चार महिने मोबाइल-त्यागाचा नियम द्यायचा. मुलांनी भगवंतासमोर हात जोडून नियम घ्यायचा आणि आयांनी फोन कपाटात ठेवायचा. टाळ्या पडल्या. मी हात वर केला नाही. मंदिराच्या पायऱ्या उतरताना एका वहिनींनी विचारलं, "अहो, तुमची मुलं बिघडलेली चालतील होय तुम्हाला?" तिथं उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. ते इथं लिहिते.

आधी वैशाखातली गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

माझ्या सासऱ्यांच्या आईंनी, आमच्या मोठ्या आज्जींनी, सात वर्षांपूर्वी सल्लेखना घेतली. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला आज्जी फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत. वैशाखात घरी पाहुणे आले, जेवताना आज्जींचा विषय निघाला. "सल्लेखना", "समाधिमरण" हे शब्द तिच्या कानावर पडले. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. तिनं माझा फोन घेतला आणि त्यात बोलून विचारलं, "मोठ्या आज्जीनं जेवण का सोडलं?"

फोनला काय माहीत तिची मोठी आज्जी कोण! उतारवयात भूक मंदावण्याची कारणं, भूक वाढवणाऱ्या पावडरची जाहिरात, असं काहीबाही समोर आलं. मग तिनं शब्द टाइप करायला घेतला. एका बोटानं, मान खाली घालून. 'ल्ले' काही जमेना म्हणून 'सलेखना' लिहिलं. यंत्रानं बिचाऱ्यानं चूक सुधारून घेतली आणि पहिल्या तीन ओळींत तिला न्यायालय, याचिका आणि आत्महत्या हे शब्द दाखवले. तिनं सर्वांत वरचं उघडलं, अर्धं वाचलं, फोन ठेवून दिला. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या रात्री अंथरुणात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, मोठ्या आज्जीनं आत्महत्या केली का गं?"

आता तुम्ही म्हणाल, बघा, म्हणूनच फोन नको. मी नेमकं उलटं म्हणते. त्या पोरीनं चूक काय केली? शब्द कळला नाही, शोधायला गेली. "कळत नसेल तर शोधून काढ" हे मीच तिला शंभरदा सांगितलंय. शाळा सांगते. पुस्तकातल्या उपक्रमात आंतरजालावरून माहिती मिळवायला सांगतात. चार महिने फोन कपाटात ठेवला असता, तर हाच शब्द तिनं दिवाळीनंतर शोधला असता आणि हेच पान तिच्या पुढ्यात आलं असतं. त्यागानं मुलाच्या मनातला प्रश्न जात नाही. प्रश्न विचारायची जागा तेवढी जाते.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की आजची मुलं पोटातूनच मोबाइल शिकून येतात. "आमचा पिंट्या सगळं शोधतो हो, मलाच शिकवतो." व्हिडिओ लावणं, गेम उतरवणं, फोटोला कान चिकटवणं, यात पिंट्या हुशार असेल. पण शोधणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती त्याला येत नाही. हे माझं मत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ॲलिसन ड्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या शेजारी बसून ती कशी शोधतात ते पाहिलं. २०१० साली त्यांनी ७, ९ आणि ११ वर्षांच्या ८३ मुलांबद्दल लिहिलं. त्यांना जे दिसलं ते तुम्ही आज संध्याकाळी स्वतःच्या घरात बघू शकता. मुलं टाइप करताना कळांकडे बघतात, पडद्याकडे नाही. म्हणून शब्द लिहिताना खाली ज्या सूचना येतात, चूक दुरुस्त करून देणारी जी ओळ येते, ती त्यांना दिसतच नाही. मुलं दोन नेमके शब्द लिहीत नाहीत, अख्खा प्रश्न लिहितात, जणू समोर काकू बसल्यात. खाली सरकून दुसरं-तिसरं पान बघणं क्वचितच. पहिलं आलं ते उघडायचं.

त्यांनी शोधणाऱ्या मुलांचे सात प्रकारही सांगितलेत. वाचताना मला हसू आलं, कारण दोन माझ्याच घरात निघाले. एक प्रकार नेहमीच्या एकाच ठिकाणी जाणाऱ्यांचा. माझा मोठा तसाच, इतिहासाचा धडा असो की मोडलेली सायकल, सगळं यूट्यूबवर. दुसरा प्रकार ठरलेल्या नियमांच्या बाहेर पाऊल न टाकणाऱ्यांचा. ती धाकटी. कोणीतरी सांगितलं "पहिलं उघड", की ती पहिलंच उघडणार. बाकी कोणी चित्रांवरून शोधतं, कोणी मध्येच भरकटतं, कोणाला शोधायचंच नसतं. खरोखर पटाईत म्हणावीत अशी मुलं थोडी. म्हणजे ज्या पेटीला आपण "सगळ्यांसाठी" समजतो ती मोठ्यांच्या हाताच्या मापानं शिवलेली आहे. मुलाला बापाचा सदरा घातला की तो गुडघ्यापर्यंत येतो, त्यात मुलाचा दोष काय?

त्यातही आपल्या मराठी मुलांची गत आणखी बिकट. गुगलनं मराठीत बोलून शोधायची सोय २०१७ साली दिली, चांगलं झालं, जोडाक्षराशी झगडणाऱ्या पोरांचे कष्ट वाचले. पण प्रश्न मराठीत विचारला तरी उत्तर मराठीत हवं ना? एका गोष्टीला आपल्याकडे चार शब्द. सल्लेखना म्हणा, संथारा म्हणा, समाधिमरण म्हणा. मोठ्या माणसाला कळतं की एका शब्दानं नाही मिळालं तर दुसऱ्यानं बघावं. नऊ वर्षांच्या मुलीला एकच शब्द माहीत असतो, तोही अर्धा.

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती माझ्या फोनवरून शोधते तेव्हा यंत्राला वाटतं की मीच शोधतेय. मी काय काय बघते? थायरॉइडच्या गोळ्या, इरकली साड्या, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल. यंत्राच्या लेखी ती चाळिशीतली बाई. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर रोखून जाहिराती दाखवायला मनाई लिहिली आहे. ठीक. पण समोर मूल आहे हे कोणाला माहीत? आपणच आपल्या नावानं उघडलेला फोन त्याच्या हातात देतो. वर उत्तराच्या डोक्यावर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चौथीतल्या मुलाला विचारून बघा, प्रायोजित म्हणजे काय. माझ्या धाकटीनं सांगितलं, "ज्याला बक्षीस मिळालं ते."

कोणी म्हणेल, अहो, सेफसर्च चालू करा, झालं. चालू कराच, मीही केलंय. पण ते काय करतं ते समजून घ्या. आपण पाणी गाळून पितो. गाळणं दुहेरी करतो, पाणी गाळल्यावर जिवाणी परत विहिरीत सोडायची हे आपल्याला आज्जींनी शिकवलं. गाळण्यानं किडा अडतो, कचरा अडतो. पण विहिरीचं पाणी खारं असेल तर गाळून गोड होतं का? सेफसर्च उघडी-नागडी चित्रं आणि रक्तपात अडवतं. न्यायालयाची बातमी ते का अडवेल? त्या बातमीत अश्लील काहीच नाही, आणि ती खोटीही नाही. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला होता, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. माझी मुलगी सोळा वर्षांची झाली की मी स्वतः तिला दोन्ही बाजू वाचायला देईन. अनेकान्त आपणच शिकवायचा आणि दुसऱ्याची बाजू लपवायची, हे मला जमणार नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात आधी तिच्या वयाचं पान यायला हवं होतं, आणि ते नव्हतंच. शोधणाऱ्या यंत्रावर मी रागावले होते, पण नसलेलं पान ते कुठून आणणार?

मैत्रिणींनो, माझा खरा राग इथं आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपण मूक मोर्चे काढले. उन्हात चाललो, निवेदनं दिली. मीही होते. घरी येऊन आपण काय केलं? सल्लेखना म्हणजे काय, ती रागात किंवा दुःखात घेत नाहीत, शरीर धर्मसाधनेला साथ देईनासं झालं की गुरूंच्या आज्ञेनं, सगळ्यांची क्षमा मागून, हळूहळू आहार कमी करत जातात, हे चौथीच्या मुलाला कळेल अशा मराठीत शंभर ओळींत कोणी लिहून ठेवलं का? १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, हे आपल्या भागातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्याची मुलांसाठीची गोष्ट त्या रात्री धाकटीला झोपवून मी तासभर शोधली. मिळाले ते दीड तासाचे प्रवचनाचे व्हिडिओ, शास्त्रांच्या तिरक्या स्कॅन केलेल्या प्रती आणि पंचकल्याणकाचे फोटो. त्यातलं एकही त्या पोरीला उपयोगाचं नव्हतं.

आपल्यात चार दानं सांगितली आहेत, त्यात ज्ञानदान आहे. आपण ते कसं करतो? पाठशाळेत लाडू आणि कंपास वाटतो. अभिषेकाच्या पहिल्या कलशाची बोली किती जाते, हे आकडे मी इथं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. एका बोलीत असं पानांचं काम वर्षभर सहज चालेल असं मला वाटतं. आणि बोली लावू नका असं मी म्हणत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी पायऱ्यांवर आणखी ऐकून घ्यावं लागेल.

हे काम कुठं झालंच नाही असं नाही. जर्मनीत १९९७ साली मुलांसाठी शोधायचं एक ठिकाण सुरू झालं, नाव 'ब्लिंडे कू'. त्या शब्दाचा अर्थ आंधळी गाय, आणि तिकडे ते एका खेळाचं नाव आहे. कोणता खेळ? आपली आंधळी कोशिंबीर! मला नाव फार आवडलं, कारण मुलं शोधतात ती अगदी तशीच, डोळ्यांवर पट्टी आणि हात पुढे. २००७ साली तिथंच 'फ्रागफिन' आलं, सरकार आणि कंपन्या यांच्या एकत्र प्रयत्नातून. त्याची पद्धत साधी. जगातली सगळी पानं घेऊन त्यातली वाईट गाळायची नाहीत. उलट, जाणकार माणसांनी एकेक पान वाचायचं, मुलांना चालेल असं वाटलं तरच यादीत घालायचं, आणि मुलानं शोधलं की त्या यादीतूनच दाखवायचं. आपण धान्य असंच निवडतो की! सुपात घेऊन, एकेक दाणा बघून. पोतं उघडून थेट गिरणीत ओतत नाही.

अमेरिकेत याहूनं १९९६ मध्ये 'याहूलिगन्स' नावानं मुलांसाठी माणसांनी निवडलेल्या पानांची सूची काढली होती. पुढे नाव बदललं आणि २०१३ मध्ये ती बंद झाली. कंपनीच्या भरवशावर मुलं सोडली की असं होतं. दुकान तिचं, फळी कधी लावायची ते तीच ठरवणार.

आणि त्याच मेरीलँड विद्यापीठात २००२ साली मुलांच्या पुस्तकांचं एक आंतरजालावरचं ग्रंथालय उभं राहिलं. ते बांधताना मुलांनाच सोबत घेतलं होतं, त्यांचं म्हणणं विचारून. मुलांनी काय मागितलं असेल? पुस्तक मुखपृष्ठाच्या रंगावरून शोधता यावं! लाल, निळं, पिवळं. जाडं की बारीक, त्यावरूनही. मोठ्या माणसाला हे सुचलंच नसतं. पण आठवा, आपण लहानपणी वाचनालयात जाऊन काय म्हणायचो? "काका, ते निळ्या कव्हरचं द्या, ज्यात माकड होतं ते." लेखकाचं नाव कोणाला ठाऊक होतं? काकांना मात्र पुस्तक कळायचं आणि ते काढून द्यायचे. आज मुलाच्या हातात लाख पुस्तकं आहेत आणि ते काका नाहीत. वाचनालयातली खुर्ची रिकामी झाली आणि आपण ती भरायच्या ऐवजी वाचनालयालाच कुलूप लावायला निघालोय.

मराठीत काहीच नाही असंही नाही हं. विश्वकोश मंडळाचा कुमार विश्वकोश आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक फुकट वाचता येतात. मी लहानपणी वाचलेला एक अंक धाकटीला दाखवला तर दोघी तासभर बसलो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. पण आपल्यापैकी किती जणींनी ही पानं फोनच्या पहिल्या पडद्यावर आणून ठेवली आहेत? मी ठेवली नव्हती. माझ्या पहिल्या पडद्यावर साडीचं दुकान होतं.

"संस्कार पक्के असले की मूल कुठंही गेलं तरी बिघडत नाही," असं आमच्या मंडळातल्या एक मावशी म्हणतात. मावशींचा मी फार आदर करते, त्यांच्या हाताखालीच मी णमोकार शिकले. पण मावशी, संस्कारानं जाहिरात ओळखता येत नाही. कोणत्या पानामागं कोण आहे, त्याला काय विकायचंय, हे बघायला शिकवावं लागतं, जसं आपण पोरींना भाजी निवडताना पान उलटून बघायला शिकवलं. "कोबीच्या पानामागं काय आहे ते बघ गं." हेच वाक्य मी हल्ली फोनबद्दल म्हणते, आणि तिला लगेच कळतं.

आमच्या घरात वैशाखापासून एवढंच बदललंय. फोन दिवाणखान्यात. शोधायचं असेल तर मोठं माणूस शेजारी. प्रश्न आधी वहीत लिहायचा, म्हणजे कळांकडे मान घालण्याआधी काय हवंय ते ठरतं. एक पान उघडून थांबायचं नाही, निदान तीन उघडायची, आणि प्रत्येकाला विचारायचं, हे कोणी लिहिलंय? बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, मग ते पान सोडायचं. खोटं कशाला बोलू, रोज होत नाही. परवा कंटाळून मीच तिला म्हटलं, "जा बाई, काय शोधायचं ते शोध, माझी डाळ करपतेय." लगेच आठवलं आणि गॅस बंद केला.

म्हणून माझी मंडळाला उलटी सूचना आहे. नियम द्यायचाच तर आयांना द्या. चार महिने रोज अर्धा तास मूल शोधत असताना शेजारी बसायचं, आपला फोन बाजूला ठेवून. मालिका आणि रील्सचा त्याग आपण करायचा. अवघड आहे, माहीत आहे. म्हणूनच तर त्याला नियम म्हणायचं. जे आपल्याला जड जातं ते सोडायचं असतं. आपण मात्र जे मुलांना जड जातं ते मुलांना सोडायला लावून स्वतः पुण्य बांधायला निघालो.

आणि दुसरी सूचना, पाठशाळेसाठी. या चातुर्मासात मुलांनी विचारलेले प्रश्न गोळा करूया. आपण ठरवलेले नाहीत, त्यांनी विचारलेले, त्यांच्याच शब्दांत, चुकीच्या शुद्धलेखनासकट. त्यातला एकेक घेऊन दहा-बारा ओळींचं सोपं उत्तर लिहूया, मोठं अक्षर, एक चित्र, आणि खाली लिहिणारीचं नाव. शास्त्राची चूक होऊ नये म्हणून पंडितजींना दाखवून घेऊ. सल्लेखना, संथारा, समाधिमरण, तिन्ही शब्दांनी ते पान सापडलं पाहिजे, आणि 'सलेखना' लिहिलं तरीही. संगणकाचं बघायला आपल्याच घरांत इंजिनिअर झालेल्या सुना-लेकी कमी नाहीत. त्यांना आपण एरवी फक्त आरतीच्या ताटाला बोलावतो.

रविवारी दुपारी तीनला बैठक आहे. मी धाकटीची वही घेऊन येणार आहे. आजवर तिनं अकरा प्रश्न लिहिलेत. बटाट्यात जीव आहे मग वांग्यात नाही का. मुंगी चुकून चिरडली तर तिला सॉरी म्हटलेलं कळतं का. महाराज थंडीत आजारी पडत नाहीत का. सातवा प्रश्न आहे, मोठ्या आज्जीला शेवटी भूक लागत होती का. त्याचं उत्तर मी सासूबाईंना विचारलं, त्या तेव्हा जवळ होत्या. त्या बराच वेळ बोलत होत्या आणि धाकटी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. मी ते लिहून घेतलंय. तुमच्या घरातले प्रश्न शनिवारपर्यंत पाठवा, मुलांनी लिहिलेत तसेच पाठवा, दुरुस्त करू नका.